72 तास कुठून आले?

"गरोदर बाईला यात ओढू नका."

एथिक्स कमिटीच्या बैठकीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की कोण म्हणणार तेही आता आधी ओळखता येतं. म्हणणारा माणूस वाईट नसतो. बहुधा दोन लेकींचा बाप असतो. आवाज जरा खाली आणून म्हणतो आणि टेबलाभोवतीच्या माना डोलतात. सुरुवातीची दोन वर्षं माझीही डोलली.

मी डॉक्टर नव्हे. सांगलीत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. औषधांच्या चाचण्यांना हो-नाही म्हणणाऱ्या कमिटीत वैद्यकाशी संबंध नसलेलं एक साधं माणूस असावं लागतं, ती खुर्ची माझी. कमिटीपुढे काय येतं ते बाहेर बोलायचं नसतं आणि मी बोलणारही नाही. चहा पिताना जे बोललं जातं त्याला मात्र गोपनीयतेचा नियम लागत नाही, असं मी धरून चालते.

चहाच्या वेळच्या त्या सगळ्या दयाळूपणाला माझी हरकत आहे. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, तिथून ती सुरू होते.

पहिलं बाळंतपण 1983 साली, माहेरी, माण तालुक्यात. पहिलटकरणीनं माहेरी जायचं ही रीतच. रक्तगट तपासल्याचा कागद सासरी ट्रंकेत राहिला. ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथं कुणी गट विचारला नाही. आपण होऊन सांगायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा झाला, चांगला सव्वातीन किलोचा. पेढे वाटले. नवरा बी पॉझिटिव्ह, मुलगाही पॉझिटिव्ह, हे पुढं कळलं. त्या बाळंतपणानंतर मला एक इंजेक्शन मिळायला हवं होतं. मिळालं नाही.

1986 साली मुलगी झाली, ती सांगलीत. सकाळी जन्मली आणि दिवेलागणीला तिच्या कपाळावर हळद उतरली. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ सगळ्याच पोरांना होते, सकाळी उन्हात धर." डॉक्टर सकाळपर्यंत थांबले नाहीत. रात्रीच मिरजेला नेलं. विलिंग्डन कॉलेजच्या हॉस्टेलवरचा एक ओ निगेटिव्ह मुलगा सायकलवरून रक्त द्यायला आला. मी इकडे खाटेवर; पुढचं सगळं यांनी दाराच्या काचेतून पाहिलं आणि नंतर मला सांगितलं. बेंबीच्या नाळेतून एक बारीक नळी आत घातली होती. सिरिंजनं थोडं रक्त ओढायचं, टाकून द्यायचं, तेवढंच नवं आत सोडायचं. शेजारी एक सिस्टर कागदावर दोन रकाने आखून लिहीत होती: काढले 20, घातले 20. काढले 20, घातले 20. दोन तास हेच. हे व्यापारी माणूस, जमाखर्चाची वही रोज लिहिणारे. म्हणाले, शेवटी बेरीज जुळली तेव्हा सिस्टर हसली, म्हणून मला कळलं पोरगी वाचली.

1989 साली तिसरं राहिलं. सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याबद्दल एवढंच.

काय झालं होतं, ते आता शाळकरी मुलालाही समजेल इतकं सरळ आहे. पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशींवर डी नावाचा घटक असतो, निगेटिव्ह आईच्या पेशींवर नसतो. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्या परक्या पेशी ओळखून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, म्हणून ते बहुधा सुटतं. पुढच्या खेपेला याच अँटीबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या रक्तपेशी फोडायला लागतात. बाळ पोटात पांढरं पडतं, अंगात पाणी साठतं; जन्मलं तर कावीळ मेंदूपर्यंत चढू शकते. यावरचं अँटी-डी इंजेक्शन म्हणजे या अँटीबॉडी बाहेरून, मोजून देणं. आईच्या शरीराला सुगावा लागायच्या आत बाळाच्या पेशी निकालात निघतात. इंजेक्शन न दिल्यास अशा शंभर बायकांतल्या साधारण 16 जणींच्या शरीरात अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर दिलं तर दीड-दोन. त्याआधी गरोदरपणाच्या 28 व्या आठवड्यातही दिलं तर एकीपेक्षाही कमी.

हे आकडे आज पाठ म्हणता येतात, पण ते कुणाच्या तरी अंगावरून आले आहेत.

1963 साली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात विल्यम लायली नावाच्या डॉक्टरनं पोटातल्या बाळाला रक्त द्यायचं ठरवलं. आईच्या पोटातून सुई घालायची, ती बाळाच्या पोटात न्यायची आणि तिथं रक्त सोडायचं. सोनोग्राफी नव्हती, एक्स-रेवर अंदाज बांधायचा. पहिले तीन प्रयत्न फसले, ती बाळं गेली. चौथं जगलं. आज पुण्या-मुंबईत डॉपलर सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूच्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग बघून नाळेतून रक्त देतात, त्याची सुरुवात त्या चौथ्या बाळापासून आहे. चौथ्या बाळाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्या तीन आयांचं वाटतं. त्यांना काय सांगितलं असेल? आधीची बाळं गेलेल्या, या खेपेलाही जाणारच असं कळलेल्या बायका त्या. मला 1989 साली कुणी विचारलं असतं, "बाई, जमेल की नाही माहीत नाही, याआधी तीनदा जमलेलं नाही, करून बघायचं का?" तर मी हो म्हटलं असतं. मला कुणी विचारलंच नाही. न विचारण्याला आपल्याकडे काळजी म्हणतात.

आता याच हॉस्पिटलची दुसरी गोष्ट. तिथंच 1966 पासून हर्बर्ट ग्रीन या डॉक्टरनं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची पूर्वलक्षणं असलेल्या बायकांना ठरलेले उपचार न देता नुसतं पाहत राहायचं ठरवलं. बायकांना यातलं काही सांगितलं नाही. काहींना कॅन्सर झाला, काही गेल्या. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्या चौकशीचा अहवाल 1988 साली आला आणि त्या देशातले रुग्णांच्या हक्कांचे नियम बदलले. एकच हॉस्पिटल, बायकाही तशाच. लायलीच्या खोलीत धोका जास्त होता, बाळं डोळ्यांदेखत गेली. ग्रीनच्या खोलीत कुणाला सुई टोचली नाही, की नवं औषध दिलं नाही. तरी घात तिथं झाला. गरोदर बाईला चाचणीपासून वाचवा म्हणणाऱ्यांनी या दोन खोल्या शेजारी ठेवून बघाव्यात. धोका पत्करल्यानं झालेलं नुकसान आणि न सांगितल्यानं झालेलं नुकसान ही दोन वेगळी खाती आहेत. आपण दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात मांडतो आणि मग घाबरतो.

अँटी-डीचा शोधही असाच सरळ नाही. एकीकडे लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन, दुसरीकडे न्यूयॉर्कला व्हिन्सेंट फ्रेडा, जॉन गॉर्मन आणि विल्यम पोलॅक. एकाच सुमाराला, समुद्राच्या दोन काठांवर. क्लार्क हे फुलपाखरांच्या आनुवंशिकतेचे नादिष्ट. तिथून माणसाच्या रक्तगटांकडे आले. आईला अँटीबॉडी द्या, ही कल्पना त्यांच्या बायकोनं मध्यरात्री उठवून सांगितली अशी आख्यायिका आहे. खरी असावी. असल्या गोष्टी बायकांना मध्यरात्रीच सुचतात, दिवसा सवड कुठं असते.

न्यूयॉर्कच्या मंडळींना आधी निगेटिव्ह रक्ताचे पुरुष हवे होते. पुरुषाच्या अंगात अँटीबॉडी तयार झाल्या तरी त्याला कधी बाळ होणार नाही, म्हणून. असे पुरुष त्यांना सिंग सिंगच्या तुरुंगात मिळाले. कैद्यांना पॉझिटिव्ह रक्त टोचायचं, मग काहींना अँटी-डी द्यायचं, काहींना नाही. कैद्याची संमती किती मोकळी असते, हा प्रश्न आहेच. पण मला अडकवून ठेवलं ते वेगळ्या तपशिलानं. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी या डॉक्टरांना रोज आत येऊ दिलं नाही. एका भेटीत रक्त टोचलं, की पुढची भेट तीन दिवसांनी. म्हणून औषध 72 तासांनी दिलं. तेवढ्या वेळानं देऊनही ते लागू पडलं. पुढं बायकांवरच्या चाचण्यांत तीच मुदत धरली आणि 1968 साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली ती तोच आकडा घेऊन. आज जगभरातल्या लेबर रूममध्ये, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यावरसुद्धा, "72 तासांच्या आत" असं लिहिलेलं असतं. तो आकडा तुरुंगाच्या भेटीच्या वेळापत्रकातून आलाय.

हे वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. कारण एका दवाखान्याच्या काउंटरवर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं: "चौथा दिवस आहे, आता देऊन उपयोग नाही." ती बाई आटपाडीकडची होती, बाळंतपण गावी झालेलं, रिपोर्ट उशिरा आला होता. 73 व्या तासाला काही दरवाजा बंद होत नाही. उशीर झाला तरी निदान दहा दिवसांपर्यंत इंजेक्शन द्यावं असं इंग्लंडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. अमेरिकेतली 28 दिवसांपर्यंतही देऊन बघा म्हणतात. नंतरच्या एका छोट्या प्रयोगात 13 दिवसांनी दिलेल्या औषधानंही काहीजणांना थोडं संरक्षण मिळालं होतं. लवकर दिलेलं चांगलंच, यात वाद नाही. पण नेमकी शेवटची वेळ कोणती, हे बायकांवर कुणी नीट तपासलं नाही आणि आता तपासताही येत नाही. औषध लागू पडतं हे ठाऊक असताना मुद्दाम आठवडाभर थांबणार कोण? पहिल्या चाचणीत जो आकडा बसला तो बसला. त्या चाचणीत कोण होतं आणि त्याचं वेळापत्रक कुणाच्या हातात होतं, यावर आटपाडीच्या बाईचं नशीब ठरलं.

म्हणून गरोदर बाईला चाचणीबाहेर ठेवलं की ती सुरक्षित झाली, हे मला पटत नाही. ती औषधाबाहेर राहत नाही, फक्त हिशेबाबाहेर राहते. औषध तिला देतातच. अंदाजानं देतात, किंवा भीतीनं देत नाहीत, आणि दोन्ही वेळा काय झालं ते कुठंही लिहिलं जात नाही. थॅलिडोमाइडचं उदाहरण नेहमी तोंडावर फेकलं जातं. ते औषध गरोदरपणात चालतं का, हे न तपासताच बायकांना दिलं होतं, हे कुणी आठवत नाही. फार लांब कशाला, 2021 आठवा. 16 जानेवारीला देशात कोविडची लस सुरू झाली. गरोदर बायका चाचण्यांत नव्हत्या, म्हणून त्यांना मनाई. आपल्याकडे दुसरी लाट एप्रिल-मेमध्ये आली. सांगली-साताऱ्यात बेडसाठी लोक रात्र-रात्र गाड्यांत बसून होते. गरोदर बायकांना परवानगी मिळाली 2 जुलैला. माझी एक विद्यार्थिनी तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिनं फोन करून विचारलं होतं, "बाई, डॉक्टर म्हणतात माहिती नाही. माहिती का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

आता आजचा प्रश्न. ज्यांच्या अंगात अँटीबॉडी एकदा तयार झाल्या, त्यांना अँटी-डीचा काही उपयोग नसतो. त्यांच्यासाठी आजही मुख्य इलाज पोटातल्या बाळाला सुईनं रक्त देणं हाच, आणि तो करणारे हात मोजके. अशा बायकांसाठी निपोकॅलिमॅब नावाच्या औषधाची चाचणी झाली. त्याची कल्पना कृष्णाकाठच्या माणसाला समजायला सोपी आहे. आईच्या अँटीबॉडी आपणहून वार ओलांडत नाहीत. त्यांना पलीकडे नेणारा एक नावाडी असतो, एफसीआरएन नावाचा. हे औषध नावाड्याची होडी आधीच भरून टाकतं. अँटीबॉडी ऐलतीरावर उभ्या राहतात. 2024 साली आलेल्या निष्कर्षांत 13 बायका होत्या, सगळ्यांचा आधीचा अनुभव वाईट. त्यांतल्या सात जणींची बाळं पोटात एकदाही रक्त न देता 32 आठवड्यांच्या पुढं जाऊन जिवंत जन्मली. सहा जणींच्या बाळांना जन्मानंतरही रक्त लागलं नाही.

तेरा. हुरळून जावं असा हा आकडा नाही, आणि त्यात तुलनेला दुसरा गटही नव्हता. शिवाय तोच नावाडी आईनं बाळाला द्यायच्या चांगल्या अँटीबॉडीही नेतो. होडी अडवली तर तेही अडतं, म्हणून जन्मलेल्या बाळांवर पुढं बराच काळ लक्ष ठेवावं लागतं. हे सगळं मोठ्या चाचण्यांतच कळणार. मग त्या चाचण्यांत जतची, म्हसवडची, पाटणची बाई असावी की नाही?

माझं उत्तर हो आहे. यावर चहाच्या टेबलावर लगेच येतं, "आपल्या बायका काय गिनीपिग आहेत?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. 2009 साली आंध्रात खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली. खम्ममला कित्येक संमतीपत्रांवर आई-बापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या होत्या. 2010 साली ते थांबवावं लागलं. पण त्या कामाला 'चाचणी' म्हटलेलं नव्हतं, 'प्रकल्प' म्हटलं होतं. चाचणी म्हटलं असतं तर संमती, विमा, काही झालं तर नोंद, हे सगळं मागे लागलं असतं. आयर्लंडमध्ये 1977 च्या सुमाराला बनवलेल्या अँटी-डीतून हजारावर बायकांना हेपॅटायटिस सी झाला. उघडकीला आलं 1994 साली. ज्या बाईच्या प्लाझ्मापासून ते औषध बनवलं, ती स्वतः आजारी होती, कावीळ झालेली होती, आणि आपला प्लाझ्मा यासाठी वापरताहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. ही तर चाचणी नव्हतीच, रोजचं, छापील लेबल लावलेलं, मान्यताप्राप्त औषध होतं. मला या दोन्ही ठिकाणी एकच दिसतं: बाईला न विचारणं.

आपल्याकडचा कायदा कागदावर वाईट नाही. 2019 च्या नियमांनुसार संमतीपत्र सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेत लागतं. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई. 2009 पासून प्रत्येक चाचणीची सार्वजनिक नोंद करावी लागते, ती घरबसल्या कुणालाही बघता येते. घोडं अडतं ते भाषेपाशी आणि सहीपाशी.

भाषेचं मी खात्रीनं बोलू शकते, तो माझा धंदा. कमिटीपुढे येणारी मराठी संमतीपत्रं वाचून मला घाम फुटतो. 'यादृच्छिकीकरण'. 'छद्मौषध'. 'प्रतिकूल घटनांचा प्रादुर्भाव'. हे मराठी माझ्या दहावीच्या पहिल्या नंबरच्या मुलीला कळलं नसतं, मग उसाच्या फडातून आलेल्या बाईला काय कळणार. तिला न कळणं हीच सोय असते, अशी शंका मला कधीकधी येते. मी एकदा भांडून 'यादृच्छिकीकरण' खोडलं आणि 'चिठ्ठी टाकून ठरवणार' असं लिहिलं. एक डॉक्टर म्हणाले, हे शास्त्रीय वाटत नाही. मी म्हटलं, गावात पाण्याची पाळी चिठ्ठी टाकून ठरते, तिथं कुणाला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

आणि सही. "सून काय सांगणार, आम्हाला विचारा," असं म्हणणारी सासू प्रत्येक ओपीडीत असते. मीही एका घरात सून होते आणि आता सासू आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. घरच्यांना विचारायला वेळ जरूर द्यावा. कागद घरी न्यायला द्यावा, चार दिवस द्यावेत. पण बोलणं तिच्याशी, आणि एकदा तरी ती एकटी असताना. आपल्याकडे हे अवघड आहे म्हणून चाचणीच नको, असं म्हणणारे लोक तिच्या ऑपरेशनच्या कागदावर नवऱ्याची सही बिनदिक्कत चालवून घेतात.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची सून गेल्या महिन्यात निगेटिव्ह निघाली. वय वीस, चौथा महिना, माहेर जतच्या पुढं. मावशी रिपोर्ट पदरात बांधून घेऊन आल्या, "बाई, तुमच्यासारखंच निघालं म्हणत्यात." मी तिला सगळं सांगितलं. मग, खरं सांगायचं तर स्वतःच्या हौसेनं, मी दुरुस्त केलेला संमतीपत्राचा एक नमुना तिला वाचून दाखवला. तिला चाचणीत कुणी घेत नव्हतं. मला फक्त भाषा पारखायची होती. तुलनेच्या गटाचा परिच्छेद आला. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय ते डॉक्टरांनाही माहीत नसणार.

ती फरशीवर बोट फिरवत होती. म्हणाली, "म्हंजी मला औषध मिळंल का न्हाई, ह्ये डाक्टरलाबी म्हाईत न्हाई?"

"नाही."

"मग माझं प्वार पोटात सुकाय लागलं तर कोण बगनार?"

हाच तो प्रश्न. मिठाचं पाणी मिळणाऱ्या बाईवरही डॉपलरनं तेवढंच बारीक लक्ष ठेवणार का, गरज पडली तर रक्त देणार का, कुठं, किती वेळात? आमच्या कमिटीतल्या एका वकिलानं मागे हेच वीस मिनिटं इंग्रजीत मांडलं होतं. हिनं नववीपर्यंतच्या शिक्षणात एका ओळीत विचारलं. आपल्या बायकांना समजणार नाही, हा मुद्दा माझ्यापुरता त्या दिवशी निकालात निघाला. तिचा पुढचा प्रश्नही तयार होता: दर आठवड्याला सलाईन लावायला मिरजेला यायचं, तर येष्टीचं भाडं कोण देणार आणि बुडालेला रोज कोण देणार? निपोकॅलिमॅब चौदाव्या आठवड्यापासून पस्तिसाव्यापर्यंत दर आठवड्याला देतात. जतहून वीसेक खेपा होतात. संमतीपत्रात ते एका ओळीत असतं, तिच्या घरात ते पाच महिने असणार.

माझी चाचण्यांवर एक तक्रार आहेच, पण ती वेगळी आहे. आपल्याकडे येणाऱ्या चाचण्यांचे प्रश्न दुसऱ्यांचे असतात. आपले प्रश्न कुणी चाचणीला लावत नाही. साधा हिशेब मांडा. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत तीस हजार लोक. वर्षाला चारेकशे बाळंतपणं. भारतात शंभरातल्या साधारण पाच जणी निगेटिव्ह. म्हणजे एका केंद्रामागे महिन्याला दोनेक बायका. एवढ्यांचा पाठपुरावा एका आशाताईला वहीत ठेवता येईल. 28 व्या आठवड्याचं इंजेक्शन उपकेंद्रात दिलं तर किती जणींपर्यंत पोचतं आणि तालुक्याच्या गावी बोलावलं तर किती गळतात? माहेर-सासरच्या मध्ये हरवणारा कागद कसा वाचवायचा: कार्डावर लाल शिक्का मारून, की नवऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवून? गर्भ पडला, पिशवी साफ केली, तेव्हा रक्तगट विचारला जातो का? यातही चिठ्ठी टाकता येते: दहा केंद्रांत एक पद्धत, दहांत दुसरी, वर्षानं मोजायचं. यात कुणाच्या अंगात नवं रसायन जात नाही. असं संशोधन करायला मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे, सरकारी रुग्णालयं आहेत. माणसं आहेत, पेशंट आहेत. नाही ती फक्त हे विचारण्यासारखं आहे असं वाटणारी नजर.

आणि मोठ्या चाचण्यांचं म्हणाल तर आपण त्या करू शकतो हे सिद्ध झालेलं आहे. माणसाच्या प्लाझ्मावर अवलंबून नसलेलं, प्रयोगशाळेत पेशींमध्ये बनवलेलं अँटी-डी आपल्याच देशात तयार झालं, इथल्याच बाळंतिणींवर त्याची चाचणी झाली आणि ते बाजारात आलं. त्या बायकांबद्दल कुणी भाषण केलेलं मी ऐकलं नाही. जेम्स हॅरिसन या ऑस्ट्रेलियन रक्तदात्याबद्दल मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. 1,173 वेळा दान करणारा तो माणूस 2025 साली वारला, तेव्हा आपल्या पेपरांतही बातमी होती. मोठा माणूस होता, वाद नाही. पण त्याच्या औषधाची सुई पहिल्यांदा ज्यांनी स्वतःला टोचून घेतली, त्यांची नावं कुणाला सांगता येणार नाहीत.

मोठ्या चाचणीला हो म्हणताना मी तीन गोष्टींवर अडून बसते, आणि कमिटीत मला आता त्यासाठी थोडं हसतातही. संमतीपत्र आधी दहा बायकांना वाचून दाखवायचं आणि त्यांचे प्रश्न त्याला जोडायचे. चिठ्ठीत मिठाचं पाणी आलेल्या बाईचं बाळ बिघडायला लागलं तर ते कोणत्या दवाखान्यात, कुणाच्या हातात जाणार, हे आधी लिहून द्यायचं. आणि औषध लागू पडलं तर ते जतला कधी मिळणार, ते सांगायचं. तिसऱ्यावर बहुधा उत्तर येत नाही. तिथं मी नाही म्हणते. 'गरोदर बाईला ओढू नका' म्हणून म्हटलेलं 'नाही' आणि 'ओढून घेऊन सोडून देऊ नका' म्हणून म्हटलेलं 'नाही', या दोन्हीतला फरक मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावते.

मावशींच्या सुनेची आयसीटी, म्हणजे अँटीबॉडी आहेत का ते बघणारी तपासणी, शनिवारी कळेल. तिच्या कार्डावर मी लाल पेननं 'ओ निगेटिव्ह' लिहिलंय, 28 व्या आठवड्याची तारीख काढून शेजारी लिहिलीय आणि एक झेरॉक्स तिच्या माहेरी पाठवायला लावलीय. नवऱ्याचा रक्तगट अजून बघितलेला नाही. तो कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टरवर आहे. रविवारी येतो म्हणालाय.